आर्लिस बाकनचा कोपरा

आमच्या नॉर्डाल गावात आर्लिस बाकनच्या बसमध्ये कधीच न बसलेला माणूस म्हणजे एक तर तिच्याहून म्हातारा, नाही तर बाहेरून आलेला. चौतीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली. बाहेर उणे वीस असो की धुक्याने रस्ता गायब झालेला असो, सात दहा म्हणजे सात दहा. त्या बसला एक कायदा होता आणि तो आर्लिसने स्वतः केलेला होता. भांडायला बंदी नव्हती. पण ज्याच्याशी भांडायचं त्याच्याबद्दलची एक खरी चांगली गोष्ट आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची, आणि मग खुशाल भांडायचं. "केल्विन त्याचं सँडविच वाटून खातो, पण तो गाढव आहे," असली वाक्यं त्या बसमध्ये रोज कानावर पडायची. चांगली गोष्ट सापडत नसेल, तर सापडेपर्यंत पुढच्या सीटवर आर्लिसच्या पाठीमागे गप्प बसायचं. निम्मी भांडणं त्या सीटवरच संपायची. आज गावातला बँक मॅनेजर, दातांचा डॉक्टर, शेरीफचा मदतनीस, सगळे त्या सीटवर बसून आलेले आहेत.

निवृत्त झाल्यावर तरी बाई स्वस्थ बसेल, असं तिच्या नवऱ्याला, ड्वेनला, वाटलं होतं. ड्वेनला बऱ्याच गोष्टी वाटतात.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार सगळ्या देशाच्या आधी आमच्या आयोवात येतात. वर्षभर ते आमच्या हॉटेलांत अंडी खातात, आमच्या जत्रेत डुकरांचं कौतुक करतात, आणि फेब्रुवारीत एका सोमवारी संध्याकाळी आम्ही शाळेच्या जिममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, जमून आपल्या पक्षाकडून कोण उभा राहावा ते सांगतो. चिठ्ठी टाकून नाही. प्रत्येक उमेदवाराला एक कोपरा दिलेला असतो, आणि आपल्याला जो पसंत त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या गावादेखत. लाजऱ्या माणसाचं ते काम नव्हे. आर्लिस लाजरी नव्हती. आधीच्या सहा सभांची अध्यक्ष तीच होती.

पण मागच्या निवडणुकीने तिचं घर फोडलं होतं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात तिचा भाऊ ऑर्विन आणि मुलगा ट्रॉय उमेदवारांवरून असे भिडले, की ग्रेव्हीचं भांडं टेबलावर लवंडलं आणि ऑर्विन कोट न घालताच थंडीत निघून गेला. तेव्हापासून आर्लिस दरवर्षी दोन टर्की भाजते. सणाच्या गुरुवारी मुलासाठी, शनिवारी भावासाठी. दोघांचंही तोंड एकमेकांना दिसू नये म्हणून ती मधला शुक्रवार सोडते. "टीव्हीवर ते जसं बोलतात तसं मग घरात बोलायला लागतात," ती म्हणायची. "आधी ते सुधारले पाहिजेत."

म्हणून यंदा तिने ठरवलं होतं, की ज्याची जीभ जागेवर असेल त्याच्याच कोपऱ्यात उभं राहायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने जॅमच्या चार रिकाम्या बरण्या मांडल्या, प्रत्येकीवर एकेका उमेदवाराच्या नावाची पट्टी चिकटवली आणि प्रत्येकीत मक्याचे पन्नास-पन्नास दाणे टाकले. टीव्हीवर चर्चा सुरू झाली की बरण्या समोर घेऊन बसायची. समोरच्याला मध्येच तोडलं तर एक दाणा बाहेर. टवाळी केली तर दोन. कुणाच्या रूपावर किंवा घरच्यांवर गेला तर पाच.

"आणि कर? दवाखान्याची बिलं? मक्याचा भाव?" ड्वेन विचारायचा.

"त्याबद्दल चौघंही थापाच मारतात. थापा मारताना तरी नीट बोलतात का, ते बघायचं."

चार चर्चा झाल्या. ब्रॅडी कॉस्टिगन नावाच्या सिनेटरच्या बरणीत नऊ दाणे उरले. तो माणूस तोंड उघडायचा तेच कुणाला तरी चावायला. गव्हर्नर लोर्ना प्रूएट यांच्या बरणीत चव्वेचाळीस होते. या बाई समोरचा बोलत असताना त्याच्याकडे बघायच्या. उत्तर द्यायच्या आधी त्याचा मुद्दा काय होता तो सांगायच्या. आर्लिसला इतका आनंद झाला, की तिने त्यांना चार पानी पत्र लिहिलं आणि त्यात आपल्या बसचा कायदाही लिहिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, छापील. 'प्रिय श्री. आर्लिस बाकन, आपल्यासारख्या नागरिकांमुळेच आम्हाला बळ मिळतं.'

"श्रीयुत," ड्वेन म्हणाला, "मीठ द्या जरा इकडे."

तरी आर्लिसचा विचार पक्का होता. प्रूएटबाईच. मध्ये मार्वेल आली नसती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मार्वेल ऑस्ट्रम आर्लिसच्या समोरच, रस्त्यापलीकडे राहते. दोघी एकाच वर्षी जन्मल्या, एकाच चर्चमध्ये दोघींचा बाप्तिस्मा झाला आणि शाळेत एकाच बाकावर बसल्या. नाताळच्या नाटकात मार्वेल मेरी व्हायची आणि आर्लिस मेंढी. सलग सहा वर्षं. मार्वेलने ट्रॅक्टर विकणाऱ्या हॅरल्डशी लग्न केलं आणि गावातलं सगळ्यात मोठं बैठकीचं दालन तिच्या वाट्याला आलं. हॅरल्ड वारला त्याला आता पाच वर्षं झाली. मूलबाळ नाही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. मार्वेलच्या लिंबाच्या वड्या सगळ्या गावाला गोड लागतात, आर्लिसला आंबट लागतात, आणि आंबट लागत लागत ती तीन खाते.

या मार्वेलने एकही चर्चा पाहिली नव्हती. "मला नाही बाई ती आरडाओरड सोसत," असं म्हणून ती विणत बसायची. आणि उमेदवार कुणाच्या घरी यावेत? मार्वेलच्या! का, तर दालन मोठं. ऑक्टोबरात लोर्ना प्रूएट आल्या त्याही तिथेच. आर्लिसही गेली होती, चांगला कोट घालून, विचारायचा प्रश्न पाठ करून. तिला पियानोच्या मागे घडीच्या खुर्चीवर बसवलं. तिने चारदा हात वर केला. प्रूएटबाईंना तो पियानोवरच्या फुलदाणीमुळे दिसलाच नसावा. लोक गेल्यावर त्या म्हणे मार्वेलच्या मोरीपाशी उभ्या राहून भांडी पुसू लागल्या, आणि तो फोटो शुक्रवारच्या पेपरात पहिल्या पानावर आला.

मग फोन सुरू झाले.

"काल लोर्नाचा फोन होता," मार्वेल टपालपेटीपाशी सहज सांगायची. लोर्ना! जशी काही हिची मावसबहीण.

"हो का," आर्लिस म्हणायची. "काय म्हणत होती?"

"काही नाही गं, सहजच. तिच्या गुडघ्याचं सांगत होती. तू कशी आहेस?"

"मी छान आहे."

घरात येऊन आर्लिस बुटांवरचा बर्फ इतक्या जोरात आपटायची, की ड्वेन टीव्हीचा आवाज वाढवायचा. चार पानी पत्र मी लिहायचं, दाणे मी काढायचे, आणि गुडघ्याची खबर हिला! आर्लिसच्या पोटात खरोखर दुखायचं, डाव्या बाजूला, बरगडीखाली. डॉक्टरने तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं.

जानेवारीत पाचवी चर्चा झाली. ब्रॅडी कॉस्टिगन प्रूएटबाईंना 'कालचं थंडगार सूप' म्हणाला. लोक हसले. आर्लिसने त्याच्या बरणीत हात घातला. तेवढ्यात प्रूएटबाई शांतपणे म्हणाल्या, "आयोवात नॉर्डाल नावाचं एक गाव आहे. तिथल्या माझ्या मैत्रिणीने, मार्वेल ऑस्ट्रमने, मला एक गोष्ट शिकवली. ज्याच्याशी भांडायचं, त्याच्याबद्दलची एक खरी चांगली गोष्ट आधी सांगायची. तेव्हा सिनेटर, तुम्ही तुमच्या आजारी वडिलांची दहा वर्षं सेवा केलीत. ही खरी गोष्ट आहे आणि मला तिचा आदर वाटतो. आता तुमच्या कराच्या योजनेबद्दल बोलू."

सभागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आमच्या बाकनबाईंच्या हातातला दाणा तसाच हातात राहिला.

"ते तर तुझं..." ड्वेन म्हणाला.

"गप्प बस."

"बसमधलं..."

"ड्वेन, गप्प बस!"

आयत्या बिळावर नागोबा. चौतीस वर्षं मुलांची ओकारी पुसत, दंगा सोसत, घसरत्या रस्त्यावर स्टिअरिंग धरून तिने ते वाक्य कमावलं होतं, आणि देशासमोर नाव कुणाचं, तर जिने आयुष्यात तीनचाकी सायकलसुद्धा कुणाची ढकलली नाही तिचं! आर्लिसने प्रूएटबाईंच्या बरणीचं झाकण उघडलं. चोरीला किती दाणे काढायचे याचं कलम नव्हतं. तिने मूठभर काढले. रविवारी चर्चला निघायच्या आधी मात्र ते परत आत टाकले, कारण ते वागणं तिचं तिलाच शोभेना.

त्यानंतरचा आठवडा मार्वेलच्या दारात गाड्याच गाड्या. टीव्हीवाल्यांनी दालनात दिवे लावले. मार्वेल निळा स्वेटर घालून सोफ्यावर बसली आणि हसली. आर्लिसला तिने काहीही सांगितलं नाही. आर्लिसनेही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. आमच्याकडे राग आला की माणूस शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढून देतो. त्या आठवड्यात आर्लिसने मार्वेलच्या दारातला बर्फ तीनदा काढला, अगदी डांबर दिसेपर्यंत.

"एवढा राग आलाच आहे," ड्वेन म्हणाला, "तर माझ्या बहिणीवरही थोडा काढ. तिचा रस्ता लांब आहे."

आणि यावर कळस म्हणून काउंटीतल्या पक्षाच्या समितीतून फोन आला. यंदाच्या सभेची अध्यक्ष मार्वेलला केलं तर आर्लिसची काही हरकत नाही ना? टीव्हीवर दिसलेली बाई पुढे असली तर जरा बरं दिसेल.

"अगदी योग्य निवड," आर्लिस म्हणाली. तिने फोन ठेवला, आणि संध्याकाळच्या जेवणासाठी बटाटे असे काही ठेचले की ड्वेनला ते चमच्याने प्यावे लागले.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता शाळेच्या जिममध्ये सत्त्याऐंशी माणसं जमली. व्यासपीठाशी मार्वेल उभी, तोच निळा स्वेटर घालून. तिने नियमांचा कागद वाचायला घेतला. आर्लिस मागे लाकडी पायऱ्यांवर हाताची घडी घालून बसली होती. सहा वेळा तिने स्वतः हा कागद वाचला होता, आता ती तो मार्वेलच्या तोंडून कशाला ऐकेल? ती स्वेटरची बटणं बघत होती. खरी शिंपल्याची होती का प्लॅस्टिकची, याचा ती विचार करत होती. मार्वेलने एक ओळ दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना कागदावरून मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. आर्लिस बटणांवरच होती.

तिचा बेत ठरला होता. आमच्या सभेत पहिल्या फेरीत ज्या कोपऱ्यात शंभरातली पंधरा माणसंसुद्धा नसतात, तो कोपरा मोडतो. सत्त्याऐंशीत चौदा तरी हवीत. मग अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात लोक एकमेकांकडे जातात, खांद्यावर हात ठेवतात, कॉफी पाजतात, मनधरणी करतात, आणि माणसं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात. प्रूएटबाईंचा कोपरा चौदाच्या आसपास अडकणार हे आर्लिसने गावाच्या ओळखीवरून आधीच ताडलं होतं. तेव्हा पहिल्या फेरीत आपण भलतीकडे उभं राहायचं. कोपरा एका माणसाने मोडायला आला, की मार्वेलने सगळं जिम ओलांडून, सगळ्या गावासमोर आपल्याकडे यायचं. 'आर्ली, चल ना गं,' म्हणायचं. एकदा नाही, दोनदा म्हणायचं. मग आपण जायचं आणि तिचा कोपरा वाचवायचा. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच, फक्त आर्लिसच्या हिशेबात नाक पुन्हा चिकटवता येणार होतं.

सभेच्या दारात प्रत्येकाला मिळालेल्या कार्डावर तिने पेनाने मोठ्या अक्षरांत 'कॉस्टिगन' लिहिलं, खाली सही केली आणि गुणफलकाखालच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

त्या कोपऱ्याचा म्होरक्या केल्विन होता, बसमधला सँडविचवाला. आता बियाणं विकतो आणि त्याला टक्कल पडलंय. "मिसेस बाकन?" तो म्हणाला. "तुम्ही? आमच्याकडे?"

"का? मी चालत नाही?"

"चालता हो! धावता! पण आम्हाला वाटलं होतं, तुम्हाला असलं बोलणं..."

"केल्विन, मला कुठे उभं राहायचं ते सांग."

समोरच्या कोपऱ्यात, प्रूएटबाईंच्या पाटीखाली, ड्वेन उभा होता. तो बायकोकडे डोळे फाडून बघत होता. त्याने लांबूनच हातवारे करून 'बरण्या?' असं विचारलं. आर्लिसने तोंड फिरवलं.

मोजणी झाली. इतर तीन कोपरे टिकले. प्रूएटबाईंकडे तेरा.

तेरा! आर्लिसने स्वतः ठरवलं असतं तरी याहून नेमका आकडा आला नसता. मार्वेलने तो जाहीर केला तेव्हा तिचा आवाज थोडा खाली गेला. अर्धा तास सुरू झाला. आर्लिसने केस सारखे केले आणि चेहऱ्यावर थोडं आश्चर्य आणून ठेवलं, मार्वेल आली की दाखवायला.

मार्वेल आली नाही. ती आपल्या तेरा जणांत उभी राहून हळू आवाजात काही बोलत होती. मग तिने वड्यांचा डबा उघडला आणि एकेकाला देऊ लागली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एकदा तिने गुणफलकाकडे पाहिलं, आर्लिसच्या डोक्यावरून, घड्याळ बघायला. बरगडीखाली दुखायला लागलं. हिला एक माणूस हवाय, ते माणूस मी आहे हे सगळ्या जिमला दिसतंय, आणि ही वड्या वाटतेय! विचारावंसंसुद्धा वाटू नये? की हिला आता फक्त गव्हर्नरांशीच बोलायची सवय झाली? वीस मिनिटं झाली. आर्लिसला रडू येईल असं वाटलं, आणि त्या वाटण्याचाही तिला राग आला.

तीन मिनिटं उरली तेव्हा तिला राहवलं नाही. खिडकीतली ती चव्वेचाळीस दाण्यांची बरणी तिला दिसत होती. ऑर्विन दिसत होता, कोट न घालता गाडीकडे जाणारा. या सगळ्या गलबल्यात एक बाई नीट बोलत होती, आणि ती आपल्यापायी नॉर्डालमध्ये पडावी? नाही. मार्वेल लहान झाली तर झाली, आपण मोठं व्हायचं. आर्लिस निघाली. बास्केटबॉलचं अख्खं मैदान तिने एकटीने ओलांडलं. तिच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता.

"घ्या," ती प्रूएटबाईंच्या पाटीखाली येऊन म्हणाली. "चौदा."

ड्वेनने टाळी वाजवायला हात वर केले. बाकी कुणी हललं नाही. मार्वेल लगबगीने पुढे आली. "आर्ली, जरा बाजूला ये ना."

"बाजूला कशाला? इथेच बोल."

"नाही चालत गं," मार्वेल अगदी हळू म्हणाली. "ज्यांचा कोपरा पहिल्या फेरीत टिकला, त्यांना आता हलता येत नाही. यंदा नवीन नियम आहे. कार्डावर सही झाली की झालं. मी वाचला होता. दोनदा वाचला."

आर्लिसला आधी कळलंच नाही. मग कळलं. मार्वेल विनवायला आली नव्हती, कारण येऊन उपयोगच नव्हता. आपण पायऱ्यांवर बसून बटणं बघत होतो. सहा सभा चालवलेली बाई एका कार्डावर सही करून बसली होती, आणि आता अख्ख्या गावासमोर चूक करून उभी होती. समोर मार्वेल होती, तोंड पाडून, कळवळून बघत. ते कळवळून बघणंच आर्लिसला सहन झालं नाही.

"तुला हेच हवं होतं!" ती ओरडली. "माझी खुर्ची घेतलीस, माझं बोलणं चोरलंस, चोर आहेस तू! ते वाक्य माझं आहे, माझ्या बसमधलं, इथल्या प्रत्येकाला माहीत आहे! आणि टीव्हीवर कोण बसतं? ही! एक चर्चा पाहिली नाहीस तू, एक! ढोंगी, आयतोबा, सात जन्मांची मेरी!"

आवाज छतापर्यंत जाऊन खाली आला. चौतीस वर्षांची सगळी मुलं तिथे उभी होती, बँक मॅनेजर, दातांचा डॉक्टर, शेरीफचा मदतनीस. प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट असणार आणि ती आर्लिसलाही ऐकू येत होती. आधीची चांगली गोष्ट तिने सांगितलीच नव्हती.

ती वळली आणि आली तशी परत गुणफलकाखाली गेली. मैदान आता दुप्पट लांब झालं होतं. केल्विनने तिच्यासाठी घडीची खुर्ची उघडली. ती बसली नाही.

वेळ संपली. प्रूएटबाईंचा कोपरा मोडला. त्या तेरा जणांना आता दुसरा कोपरा निवडायचा होता किंवा घरी जायचं होतं. चौघं घरी गेले. ड्वेन कॉफीच्या किटलीजवळच्या कोपऱ्यात गेला, कारण तो कॉफीजवळ होता. बाकीचे, जिथे शाळेचे मास्तर उभे होते, त्या कोपऱ्यात गेले. सगळ्यांत शेवटी मार्वेल उरली. तिने कागद व्यासपीठावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि चालायला लागली. लोकांना वाटलं, मास्तरांकडे जाईल. ती तिकडे वळली नाही. ती सरळ मैदान ओलांडून गुणफलकाखाली आली आणि आर्लिसच्या शेजारी उभी राहिली. कॉस्टिगनच्या माणसांनी जोरात टाळ्या वाजवल्या. टीव्हीवरची बाई त्यांना मिळाली होती.

"इथे कुठे आलीस?" आर्लिस पुढे बघतच म्हणाली. "हा माणूस तुझ्या लोर्नाला थंड सूप म्हणाला होता."

"कळलं मला ते."

"मग?"

"तुला इथे एकटीला कशी ठेवू?"

आर्लिसच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे चांगुलपणासुद्धा हिनेच करायचा! तोही मैदान ओलांडून, सगळ्यांसमोर, टाळ्या घेऊन! आपण ओलांडलं तेव्हा एक टाळी नव्हती.

मार्वेल अजून बोलत होती. "भांडी पुसताना मी तिला तुझं नाव सांगितलं होतं, आर्ली. खरंच सांगितलं होतं. तिने टीव्हीवर माझं घेतलं. दुसऱ्याच दिवशी मी चूक दुरुस्त करायला हवी होती. पण ती माणसं आली, दिवे लावले, मला पुन्हा पुन्हा नाव विचारलं. मला फार आवडलं ते. मग नाहीच सांगितलं मी. तुलाही नाही सांगितलं."

सबबी आल्या असत्या तर आर्लिसकडे उत्तरं तयार होती, बर्फ काढताना जमवलेली. त्यातलं एकही इथे लागू पडेना. तिने गळ्यातला स्कार्फ सैल केला.

"मी जळते तुझ्यावर," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"या महिन्यातलं नाही म्हणत मी. लहानपणापासून."

"माहीत आहे गं." मार्वेलने नाक पुसलं. "मला बरं वाटायचं. हॅरल्ड गेल्यापासून तर फारच. माझ्याकडे कोण आलं, मी काय घातलं, मला कुणाचा फोन आला, याचं कुणाला काही वाटणारं दुसरं आहे कोण मला?"

आर्लिसने पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवून पाहिलं. स्वेटरची बाही कोपरापाशी रफू केलेली होती. टीव्हीवर ते दिसलं नव्हतं.

केल्विन शेवटची मोजणी करत रांगेतून येत होता. "वीस. एकवीस. बावीस," तो आर्लिसकडे बोट करून म्हणाला, आणि थांबला. "मिसेस बाकन, जरा सरकता का? मिसेस ऑस्ट्रम तुमच्या मागे पडतायत. त्या मोजल्या गेल्या पाहिजेत."

आर्लिसने मार्वेलचा दंड धरला, तिला पुढे आणून उभी केली आणि स्वतः एक पाऊल मागे सरली. बरगडीखाली दुखलंच. तरी सरली.